एका प्रेक्षकाकडून

शेवटची शिट्टी झाली तेव्हा मैदानावरच्या बावीस जणांत एकट्या बसूला ती ऐकू आली नाही. तो गोलपोस्टच्या मधोमध गुडघे वाकवून, हात पसरून तसाच उभा राहिला. आमची दहा पोरं नाचत त्याच्याकडे धावत सुटली, आणि त्याला वाटलं, काहीतरी बिघडलं.

"मागं फिरा!" तो ओरडत होता. "आरं, मागं फिरा, बॉल तिकडं हाय!"

सहा वर्षं यंत्रमागावर काढलेल्या माणसाचे कान असे जातात. राऊनं त्याला कमरेला धरून उचललं, तोंड त्याच्या कानाशी नेलं आणि बोंबलून सांगितलं. मग बसूनं हात खाली घेतले. सहाच मिनिटांपूर्वी त्यानं पेनल्टी अडवली होती, आणि आम्ही एक-शून्यनं जिंकलो होतो.

१९७७ चा डिसेंबर होता. इचलकरंजीचं आमचं कॉलेज विद्यापीठाच्या फुटबॉलच्या फायनलला पहिल्यांदाच पोचलं होतं. समोर कोल्हापूरचं बडं कॉलेज, नऊ वर्षं कप त्यांच्याकडे. आमच्या पोरांचे बूट मागून आणलेले. जर्सी म्हणजे मागावरच्या कोऱ्या कापडाला निळीत बुडवून शिवलेले सदरे. हाफटाइमपर्यंत घामानं ती नीळ उतरून पोरांच्या माना, दंड, पाय निळे झाले होते.

मी कॉलेजचा ग्रंथपाल. वय एकोणतीस, चष्मा, मांडीवर पिशवी. मैदानात मी कधी पाय ठेवला नव्हता, पण त्या संघाची एकही मॅच त्या वर्षी चुकवली नव्हती. त्या दिवशी जागा मिळाली ती नेमकी कोल्हापूरकरांच्या मधोमध. आमचा गोलकीपर समोर आला की मागावर सूत घेऊन इकडून तिकडे पळणाऱ्या धोट्यावरून भोवतीनं हाकाटी उठे.

"ए धोटा! माग बंद करून आलास काय रं?"

"पोस्टाला चादर बांध चादर! तेवढंच येतंय तुमाला!"

शेजारी पान चघळत एक म्हातारे गृहस्थ बसले होते. त्यांनी मला विचारलं, "तुम्ही कुठलं म्हणायचं?"

"इचलकरंजीचा," मी हळूच म्हणालो.

"मग गप बसा."

मी गप बसलो होतो. पण पेनल्टीचा चेंडू बसूच्या मुठीवर आपटून वर उडाला तेव्हा मी उभा राहून ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही. शिट्टी झाल्यावर त्या म्हाताऱ्यांनीच मला पुढे ढकललं. "आता काय बसलायसा? जावा की! बोंबला!"

मी गेलो. माझ्या डोक्यावर कुणीतरी गुलाल ओतला. हलगी वाजत होती आणि मी, ज्यानं स्वतःच्या भावाच्या लग्नातसुद्धा हात वर केला नव्हता, त्या गर्दीत नाचत होतो. थांबलो तेव्हा एका पायात चप्पल नव्हती.

राऊ हलगी वाजवत होता. रावसाहेब मगदूम त्याचं पूर्ण नाव. तो राखीव गोलकीपर. पूर्ण स्पर्धेत एक मिनिटही खेळायला न मिळता पाणी आणून देणं, जाळी बांधणं असली कामं त्यानं केली होती. त्याच्याइतका खूश त्या दिवशी कुणीच नव्हता.

"सर, पायातलं कुठं गेलं?"

"पडली वाटतं एक."

"पडू द्या हो! कप आणलाय, चप्पल काय घिऊन बसलाय!"

तेवढ्यात एक वार्ताहर वही घेऊन बसूकडे आला. "पेनल्टी झक्कास! काय करता आपण?"

बसू त्याच्या ओठांकडे बघत राहिला. तो काही बोलायच्या आत आमचे क्रीडाशिक्षक शिंत्रे सर मध्ये आले. "बसवंत मुसळे. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. फार अभ्यासू मुलगा. लिहा." आणि बसूच्या खांद्यावर हात ठेवून त्याला बाजूला घेऊन गेले.

बसूनं मान खाली घातली. ती मान खाली गेलेली मी पाहिली. शिंत्रे सर मागे एकदा त्याला सांगत होते तेही मी ऐकलं होतं: मागाचं कुठं बोलायचं नाही, कळलं का? मला त्या दोन्ही गोष्टींचा राग आला. चार मागांवर रात्र काढणं ही काय लपवायची गोष्ट आहे?

परतीला आम्ही सूत व्यापाऱ्याच्या ट्रकमधून आलो. ट्रकला कांजीचा आंबूस वास होता. पोरं पुढे टपावर चढून घोषणा देत होती. बसू कप मांडीवर घेऊन माझ्याशेजारी बसला होता. कॉलेजात तो बोलायचा तो माझ्याशीच. संध्याकाळी सात ते सकाळी सात मागावर, मग साडेसातला कॉलेज. आणि तास संपले की वाचनालयात मासिकांच्या जुन्या बांधीव खंडांच्या मागे एक बाक होता, त्यावर तो झोपायचा. मी त्याला उठवत नसे. जाग आली की चहा प्यायला माझ्या टेबलाशी येऊन बसे आणि जरुरीपेक्षा मोठ्यानं बोले.

"सर," तो माझ्या कानात ओरडला, "आता माग सुटला बघा!"

"म्हणजे?"

"विद्यापीठाच्या टीममध्ये घेतलंय. शिंत्रे सर म्हणाले, यादी झाली. अन् ते हॅटवालं साहेब बसलं होतं न्हवं? सरकारी खात्याची टीम हाय त्यांची. म्हणाले, विद्यापीठाकडनं यंदा खेळ, उन्हाळ्यात ये माझ्याकडं. नोकरी, सर! दिवसाची!"

"अरे वा!"

"रातच्याला झोपायचं, सर. अंथरुणात!" त्याला ते इतकं गमतीचं वाटलं की तो हसत सुटला. गुलालानं त्याचे दात तेवढे पांढरे दिसत होते.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. खोलीची कडी लावून मी लिहायला बसलो. तोवर मी कधी काही छापायला पाठवलं नव्हतं. पाठवायचं म्हणून लिहिलेले आणि फाडून टाकलेले कागद मात्र पुष्कळ. त्या दिवशी तसं झालं नाही. 'ए धोटा' म्हणणाऱ्यांना उत्तर द्यायचं होतं, आणि वाक्यं आपोआप येत होती. मी लिहिलं की कोल्हापूरकरांनी ज्याला धोटा म्हणून हिणवलं त्यानंच त्यांना हरवलं. लिहिलं की रात्रभर चार मागांवरचे चार धोटे इकडून तिकडे जाताना ज्याचे डोळे पाहतात, त्याला एक चेंडू कुठे जाणार हे ओळखायला कितीसा वेळ? तो कारखान्यातल्या वेस्ट सुताच्या ढिगावर सूर मारायचा सराव कसा करतो ते लिहिलं. आई धोट्यात बसवायच्या सुताच्या कांड्या भरते ते लिहिलं. तपशिलानं लेख जिवंत होतो असं मी वाचलेलं होतं, म्हणून कारखान्याचं नाव घातलं, चौगोंडा पाटलांचा, सांगली रस्त्यावरचा. सातापासून सातापर्यंतची पाळी घातली. सहा वर्षं घातली. खाली सही करायचा धीर झाला नाही. 'एक प्रेक्षक' असं लिहिलं आणि कोल्हापूरच्या एका दैनिकाच्या पत्त्यावर टाकलं.

बुधवारी ते छापून आलं. चौकटीत.

मी वाचनालय उघडायच्या आत पोरं दारात उभी होती. राऊनंच टेबलावर बसून लेख मोठ्यानं वाचला. चार धोट्यांचं वाक्य त्यानं दोनदा वाचलं.

"कुणी लिवलंय रं हे? भारी लिवलंय!"

"तुझा मामा त्याच पेपरात हाय की, छपाईचे खिळे जुळवायला," कुणीतरी म्हणालं. "इचार त्याला."

"इचारतो. आयला, मी बी असा कीपर हाय, माझ्यावर कोण लिवणार? 'पाणी बरं आणतो' म्हणून?"

सगळे हसले. मी नोंदवहीत मान घालून बसलो होतो. माझे कान तापले होते. खरं सांगायचं तर माझ्या आयुष्यात तेवढा आनंद मला पुन्हा कधी झाला नाही. बसू त्या दिवशी आलाच नाही. रात्रपाळीवरून थेट घरी गेला होता.

शुक्रवारी दुपारी शिंत्रे सर आले. त्यांनी आत येऊन दार लोटलं.

"पाध्ये, बुधवारचा पेपर द्या."

मी दिला. त्यांनी लेख पुन्हा वाचला, बोट फिरवत, प्रत्येक ओळ.

"संपलं," ते म्हणाले.

"काय झालं?"

"पूर्ण वेळ नोकरी करणाऱ्याला विद्यापीठाच्या स्पर्धेत खेळता येत नाही. नियम आहे. कोल्हापूरच्या कॉलेजनं तक्रार केलीय, सोबत याचंच कात्रण जोडलंय."

मी उघडी नोंदवही मिटून ठेवली.

"अहो, या गावात अर्धं कॉलेज मागावर आहे. पण कागदावर कोण आहे? आठवड्याला हातात मजुरी, वहीत नाव नाही. कुणाच्या बापाला सिद्ध करता आलं नसतं. म्हणून तर बसूला बजावून ठेवलं होतं, बोलू नकोस." त्यांनी पेपरावर चापट मारली. "आणि इथं बघा. नाव, कारखाना, रस्ता, पाळी, वर्षं! शपथपत्रात मावणार नाही एवढं छापून दिलंय बेट्यानं."

लाज नव्हती ती. त्या मैदानात बसूची मान खाली गेली होती ती लाजेनं नव्हे. पकडले जाऊ नये म्हणून. एवढी साधी गोष्ट मला कळली नव्हती, आणि कुणाला विचारावी असंही वाटलं नव्हतं.

"कुणी लिहिलं असेल?" मी विचारलं. हे मी विचारलं.

"कुणी म्हणजे? राऊ मगदूम. मामा त्याच पेपरात. बसू गेला की गोलपोस्टात कोण उभा राहणार? हाच. पोरांना संशय आलाच आहे." ते थांबले. "तुम्ही त्यांना रोज बघता, पाध्ये. तुम्हाला काय वाटतं?"

मी चष्मा पुसला. "मला काय कळणार त्यातलं, सर?"

सोमवारी राऊचे बूट कॉलेजच्या मागच्या बाभळीवर लटकत होते. वर्गातल्या फळ्यावर खडूनं 'फितूर' असं लिहिलेलं होतं. राऊ ते पुसायलाही गेला नाही. वाचनालयात आला तर बाकावरची पोरं उठून दुसऱ्या बाकावर जायची. तो एकटा बसून एकच पान बघत राहायचा. एकदा त्यानं मला विचारलं, "सर, मामाला इचारलं मी. पाकीट टपालानं आलं, वर नावच न्हाई म्हणाला. हे कुणाला पटंना. तुमाला पटतंय का?"

"पटतं," मी म्हणालो.

"मग सांगा की पोरांना. तुमचं ऐकतील."

"बघतो," मी म्हणालो.

त्या आठवड्यात बसू आला. त्याच्या केसांत सुताचा पांढरा भुसा होता. तो माझ्या टेबलासमोर बसला आणि नेहमीसारखा मोठ्यानं बोलू लागला. मी खूण केली तसा आवाज खाली आणला.

"अर्ज लिवून पायजे, सर. विद्यापीठाला. शिंत्रे सर म्हणाले, पाध्येंकडनं लिवून घे."

"काय लिहायचं?"

"चौगोंडा शेठ म्हणतोय, हा माझ्याकडं कामाला न्हाई असं लिवून देतो. माझं बी तसंच पत्र पायजे. पेपरातलं खोटं हाय म्हणून. मग काम व्हईल, म्हणाले सर."

मी कागद घेतला. मला वाटलं, सुटलो. लेखात जे बिघडवलं ते याच हातानं दुरुस्त करता येईल. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून मी टाइपरायटर ओढला. वाक्यं मुद्दाम रुक्ष केली. 'सदर लेखातील मजकूर धादांत खोटा असून तो कोणा बेजबाबदार इसमाच्या कल्पनेतून उतरला आहे. मी कोणत्याही कारखान्यात कधीही कामास नव्हतो व नाही.' कागद काढून मी त्याच्यापुढे ठेवला.

बसूनं तो वाचला. मग पुन्हा वाचला. मी पेन पुढे केलं. ते त्यानं घेतलं नाही.

"आईला वाचून दाखवला मी तो लेख," तो म्हणाला. "तीनदा दाखवला. ती रडली. म्हणाली, कोण का असंना, कुणीतरी तुझ्याकडं नीट बघितलं."

मी पेन तसंच धरून होतो.

"ह्याच्यावर सही केली, तर त्या चार मागांवर सहा वर्षं कोण उभं होतं, सर?"

"बसू, सही कर," मी म्हणालो. "ती दिवसाची नोकरी जाईल. विद्यापीठाची टीम जाईल. एक सही आहे."

"बेजबाबदार इसम," तो म्हणाला. त्या दोन शब्दांवर त्यानं बोट ठेवलं. "असं नका लिवू तुमी सोताला."

मी दाराकडे पाहिलं.

"तुला कसं..."

"कॉलेजात माझ्याशी बोलतंय कोण, सर? तुमी सोडून?" त्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. "तुमाला नियम म्हायती नसणार. ते मला कळतंय. जाऊ द्या. पण राऊचं बघा. मी पोरांना सांगितलं, त्यानं न्हाई लिवलं. तर म्हणत्यात, मग नाव सांग. तुमचं नाव मी कसं घिऊ? तुमी सांगा. शिंत्रे सरांस्नी एकट्यांना सांगितलंसा तरी पुरं."

"सांगतो."

"आज?"

"आज. आत्ता."

त्यानं अर्ज घडी करून माझ्याच टेबलावर ठेवला. उठला, खंडांच्या मागे आपल्या बाकाकडे गेला आणि झोपला.

कप पंधरा दिवसांनी लाकडी खोक्यात घालून परत पाठवला. यादीतून बसूचं नाव गेलं. हॅटवाल्या साहेबांना शिंत्रे सरांनी पत्र लिहिलं, त्याचं उत्तर आलं नाही. बी.ए. त्यानं पुरं केलं नाही. मागावरच राहिला, आणि बावन्नाव्या वर्षी गेला, असं मला फार उशिरा समजलं. शिंत्रे सरही गेले. राऊनं ते वर्ष संपायच्या आत कॉलेज सोडलं. तो कुठे असतो मला माहीत नाही. मी शोधलंही नाही.

या सगळ्याला नियम होता, तक्रार होती, निकाल होता. त्यातलं बरंचसं माझ्या हातात नव्हतं असं मी स्वतःला सांगत आलो आहे. पण त्या दुपारचं तसं म्हणता येत नाही.

बसू झोपल्यावर मी वाचनालयाला कुलूप न लावताच निघालो. शिंत्रे सर बसायचे तो जिमखाना मैदानाच्या पलीकडे. चालताना मी वाक्य तयार करत होतो. 'सर, तो लेख माझा होता.' पाच शब्द. मी ते पूर्ण मैदानभर घोकत गेलो.

दार अर्धवट उघडं होतं. आत शिंत्रे सर टेबलाशी बसले होते, आणि समोर राऊ उभा. तो जर्सी परत द्यायला आला होता. निळा सदरा धुऊन, घडी घालून आणला होता. तो त्यानं एकदाही घालून खेळलेला नव्हता. कप भिंतीजवळच्या स्टुलावर होता, गुलालाचा लाल पट्टा अजून त्याच्या दोन्ही कानांवर राहिलेला.

"काय पाध्ये?" शिंत्रे सर म्हणाले. "अर्ज झाला?"

"नाही. बसू सही करत नाही."

"करत नाही? का?"

"माहीत नाही."

त्यांनी कपाळावर हात मारला. राऊ माझ्याकडे बघत होता. मी 'बघतो' म्हणालो होतो ते त्याच्या लक्षात असावं. त्याच्या चेहऱ्यावर तसं काहीतरी होतं. तो घडी घातलेल्या सदऱ्याची कड नीट करत राहिला.

"आणखी काही?" शिंत्रे सर म्हणाले. "उभे का?"

मी तोंड उघडलं.

"जिमखान्याकडे," मी म्हणालो, "वाचनालयाचं एक पुस्तक राहिलंय. मुदत होऊन गेली."

शिंत्रे सर माझ्याकडे बघत राहिले. मग उठले, कपाटातून योगासनांवरचं एक जुनं पुस्तक काढलं, धूळ झटकली आणि माझ्या हातात दिलं.

"एवढ्यासाठी आलात होय?"

"हो," मी म्हणालो. "एवढ्यासाठीच."

मी वळलो. वाऱ्यानं दार लागलं होतं आणि खालून अडकत होतं. मी एका हातानं ओढून पाहिलं, दुसऱ्या हातात पुस्तक.

"थांबा सर," मागून राऊ म्हणाला. त्यानं पुढे होऊन दार खांद्यानं जरा वर उचललं आणि उघडून धरलं. "जावा तुमी."

मी त्याच्या हाताखालून बाहेर पडलो.